रंकाळ्याला पाणी, मैदानाला माती

(कोल्हापुरातील एका वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी सातवीला होतो. वर्गाच्या खिडकीत काचेच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रंकाळ्याच्या बाजूनं येणाऱ्या एका पोरानं एक बाटली पाणी भरून आणायचं, तिच्यावर तारखेची चिठ्ठी डकवायची आणि ती खिडकीत ठेवायची. गुरुजी त्यावर भाष्य करायचे नाहीत. "बघा आणि वहीत लिहा," एवढंच म्हणायचे. जुलैची बाटली गढूळ, जानेवारीची नितळ, मेमधली हिरवट. आम्हाला तो खेळ वाटायचा. पुढं मी स्वतः तीस वर्षं भूगोल शिकवला तेव्हा कळलं की गुरुजी आम्हाला एक शिस्त लावत होते. एखादी जागा एकदा बघून कळत नाही. ती महिन्या-महिन्याला, वर्षा-वर्षाला बघावी लागते. पाहुण्यांना हे शक्य नसतं, रहिवाशांना असतं.

संयोजकांनी विषय कळवला : 'शहरातील प्रेक्षणीय स्थळे आणि नागरिकांच्या अपेक्षा'. विषय सोपा वाटला म्हणून मी लगेच हो म्हणालो, आणि मग घरात, शेजारी, सकाळी बरोबर चालणाऱ्या मंडळींत विचारत सुटलो, की तुम्हाला काय सुधारायला हवंय? शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "संध्याकाळी कुठंही फिरायला गेलं तर बाईमाणसाला जायची सोय आधी शोधावी लागते, ती करा." गुडघ्यानं बेजार झालेले माझे मित्र म्हणाले, "पायऱ्यांना धरायला एक गज लावा, बास." हौशी नाटकात काम करणारा पुतण्या म्हणाला, "काका, आमचं थिएटर आम्हाला परत मिळू दे." आणि आमचा रिक्षावाला म्हणाला, "काय न्हाई सर, रंकाळ्याचं पानी तेवढं पानी राहू दे."

नवीन काही कुणी मागितलं नाही, ना संगीत कारंजं, ना रंगीत दिवे, ना शहराच्या नावाची मोठाली चकाकती अक्षरं. सगळ्यांनी जे आहे त्याच्याबद्दलच मागितलं. मग मला विषयातला 'प्रेक्षणीय' हा शब्दच खटकायला लागला. कारण कोल्हापुरात आज आपण पाहुण्यांना जे जे दाखवतो, त्यातलं जवळजवळ काहीच नुसतं बघण्यासाठी झालेलं नव्हतं. तलाव पाण्यासाठी होता, घाट आंघोळीला आणि धुण्याला, मैदान कुस्तीला, थिएटर नाटकाला, देऊळ दर्शनाला. जागेचं काम चालू होतं तोवर ती देखणी होती. काम थांबलं आणि ती नुसती प्रेक्षणीय झाली. आज मला मांडायचंय ते एवढंच, की सुधारणा म्हणजे त्या जागेला तिचं काम परत देणं.

हौद्यातली माती

ही गोष्ट मला एका तालमीत शिकायला मिळाली. नाव सांगत नाही, वस्तादांना आवडणार नाही. मी शाळेतली पोरं घेऊन तालीम दाखवायला गेलो होतो. हौद्यातली तांबडी माती बघून एका पोरानं विचारलं, "ही माती कधी टाकली?" वस्ताद म्हणाले, "टाकली माझ्या आज्यानं. पण कधी टाकली ह्याला काय अर्थ न्हाई बाळ. रोज उकरायला लागती. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायला लागती. चार दिस तशीच ठेवलीस तर दगड होतीय. मग तिच्यावर पडलेल्या पोराचं हाड मोडतंय."

मी त्या दिवसापासून शहराकडे या नजरेनं बघायला लागलो. कुठली माती रोज उकरली जाते आणि कुठली दगड झालीय?

खासबाग मैदानापासूनच सुरुवात करू. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. आपण असतो तर तिथं फोटो काढून आलो असतो. महाराजांनी त्यातलं नेमकं उपयोगाचं ते उचललं : मधे हौदा, भोवतीनं चढत जाणारी उतरंड, म्हणजे पुढच्याच्या पटक्यामुळे मागच्याची कुस्ती चुकायला नको. १९१२ साली मैदान उभं राहिलं. शेजारी पॅलेस थिएटर झालं, १९१५ साली. कुस्ती आणि नाटक भिंतीला भिंत लावून. पैलवानाचा शड्डू आणि नटाची तान एकाच आवारात. हिंदुस्थानात अशी जोडी दुसरीकडे कुठं असेल असं मला वाटत नाही.

पुढं त्या थिएटरला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. आणि मग २०२४ सालच्या ८ ऑगस्टची रात्र आली. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. त्या आदल्या रात्री त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं. तुमच्यातले कितीतरी जण त्या रात्री रस्त्यावर उभे असतील. मीही होतो. आगीचा उजेड तोंडावर घेत माणसं गप्प उभी होती, आणि एक म्हातारा मेकअपमन मात्र लहान मुलासारखा रडत होता. सकाळी जयंतीसाठी जमायचे ते रंगकर्मी राखेसमोर जमले.

आता पुनर्बांधणीबद्दल रहिवाशांना काय वाटतं? जुन्या चेहऱ्याचं थिएटर उभं राहावं हे तर सगळ्यांनाच वाटतं. दगड, लाकूड, कमानी जशाच्या तशा हव्यात, हे बरोबरच आहे. पण माझा पुतण्या वेगळं बोलला. तो म्हणाला, "काका, इमारत होईल. पण तालमीला हॉल मिळणार का? मंगळवारच्या दुपारी आमच्यासारख्या हौशी संस्थेला परवडेल असं भाडं असणार का? आग लागली तर पाणी कुठल्या नळातून येणार, हे रंगमंचावर काम करणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असणार का?" चेहरा सगळ्यांना दिसतो, ही माती मळण्याची कामं दिसत नाहीत. नाट्यगृह पुन्हा उघडेल तेव्हा कोनशिलेवर नावं असतील. त्याच भिंतीवर दुसरी एक पाटी हवी : वायरिंग शेवटचं कधी तपासलं, अग्निशमन यंत्रणा शेवटची कधी चालवून बघितली, पुढची तारीख कोणती. तिथं सही इंजिनिअरची असावी.

मैदानाबद्दलही तेच. खासबागेत वर्षातून मोजक्या मोठ्या कुस्त्या होतात, त्या दिवशी शहर लोटतं. बाकीच्या दिवशी काय? परगावचा पाहुणा दुपारी येतो, रिकाम्या उतरंडीकडे बघतो, "मोठं आहे हो," म्हणतो आणि जातो. त्याला आपण सकाळी सहाला तालमीत का पाठवत नाही? गंगावेश असो, मोतीबाग असो, तिथं आजही पोरं जोर-बैठका मारत असतात. वस्तादांना विचारून, त्यांच्या शिस्तीत, लांब बसून, फ्लॅश न मारता बघायची सोय झाली आणि त्यातून तालमीच्या खुराकाला चार पैसे मिळाले, तर पैलवानाच्या बदामाचा प्रश्नही थोडा हलका होईल.

रंकाळ्याचं पाणी

आता रिक्षावाल्याच्या मागणीकडे येतो.

रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती आणि भूकंपानं तिथं पाणी उसळलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. रंकभैरवावरून नाव पडलं, असंही सांगतात. संध्यामठ, टॉवर, पलीकडे १९३४ च्या सुमारास पूर्ण झालेला शालिनी पॅलेस. हा तलाव चित्रकारांनी रंगवला, सिनेमावाल्यांनी पडद्यावर आणला, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांची लग्नं ज्या बोलण्यातून ठरली ते बोलणं रंकाळ्याच्या कट्ट्यावर झालं.

या तलावावर खर्च झाला नाही असं कुणी म्हणू शकत नाही. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत त्याचा समावेश झाला. कठड्यांची कामं झाली, पदपथ झाले, दिवे लागले, बागा झाल्या. तरीही कधी जलपर्णीनं तलाव झाकून जातो, कधी पाणी पोपटी होतं आणि वास सुटतो. असं का होतं, हे सातवीतल्या पोराला समजेल इतकं सोपं आहे. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतो. आपल्या संडास-मोरीतून, कपड्यांच्या साबणातून तो येतो. पिकाला खत घातल्यावर पीक जोमानं वाढतं, तसंच तलावाला खत मिळालं की शेवाळ आणि जलपर्णी जोमानं वाढते. ती मरते, तळाशी कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, मासे तडफडतात. आपण यंत्र लावून जलपर्णी काढतो. ती काढलीच पाहिजे. पण नाल्यातून खत येतच राहिलं तर ती पुन्हा येणारच. शेतातलं तण नुसतं वरवर खुडणाऱ्याला आपण काय म्हणतो ते गावाकडच्या श्रोत्यांना सांगायला नको.

म्हणून रंकाळ्याच्या सुधारणेचा क्रम उलटा हवा. आधी नाले. कुठल्या वस्तीतलं, कुठल्या गटारीतलं पाणी कुठून तलावात उतरतं, परताळ्याच्या बाजूनं काय येतं, मोठा पाऊस झाला की अडवलेलं पाणी कुठं ओसंडतं, याचा नकाशा काठावर मोठा करून लावा. मैलापाणी पूर्ण वळवून प्रक्रियेला जाईपर्यंत तलावावर एकही नवा दिवा लागू नये, असं मी म्हटलं तर माझ्या ओळखीचे ठेकेदार रागावतील. रागावू देत. अंधारात स्वच्छ पाण्याच्या काठी बसता येतं. झगझगीत उजेडात नाकाला रुमाल लावून बसण्यापेक्षा ते बरं.

आणि बोट फक्त महापालिकेकडे दाखवून आपली सुटका नाही. ती मोरी आपली आहे. पण कोल्हापूरकरानं ठरवलं तर तो सवय मोडतो, याचाही पुरावा आपल्याकडे आहे. गणपती पंचगंगेत आणि रंकाळ्यात विसर्जन करण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. मूर्तिदानाची चळवळ झाली, इराणी खणीकडे मिरवणुका वळल्या. भावना दुखावतील, लोक ऐकणार नाहीत, असं तेव्हा काय कमी बोललं गेलं? माणसं ऐकली. देवासाठी वाट बदलणारं शहर मोरीच्या पाण्यासाठी वाट बदलायला तयार होणार नाही असं मी मानत नाही.

पंचगंगेचा घाटही याच माळेतला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांचं पाणी घेऊन ही नदी आपल्या दाराशी येते. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर हजारो पणत्या लागतात, धुकं असतं, दगडी देवळांच्या पायऱ्या उजळतात. ते दृश्य बघायला लांबून माणसं येतात. त्या पहाटे पणत्या लावणारी मंडळं घाट धुऊन काढतात, रांगोळ्या घालतात. मला एवढंच विचारायचंय, की तो घाट आठवड्यातून एकदा धुवायला कुणाची हरकत आहे? आणि जयंती नाल्यातून शहराचं पाणी त्याच नदीत जातं, हे त्या पणत्यांच्या उजेडात आपल्याला दिसतं का? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदी शहरात शिरली. नदीची जागा आपण घेतली की ती आपली जागा घेते.

बुजलेल्या तळ्यांबद्दल एक वाक्य तरी बोललंच पाहिजे. हे तळ्यांचं गाव होतं. आपण कपिलतीर्थाला भाजी आणायला जातो, तिथं तीर्थ होतं. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. म्हणून तर पावसाळ्यात तिथं पाणी साचतं आणि आपण तक्रार करतो. मैदानाला आपण कोण होतो याची आठवण आहे, आपल्याला नाही. निदान एक पाटी लावा : 'इथे तळं होतं'. ते पाणी कुठं मुरवता येईल याचा विचार तरी त्यामुळे सुरू होईल.

किरणांची वाट

अंबाबाईचं देऊळ म्हणजे या शहराचं मूळ. नवरात्रात, सुट्ट्यांत, शनिवार-रविवारी राज्यभरातून, कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून माणसं येतात. रहिवाशांची तक्रार असते, आमच्याच गल्लीत आम्हाला गाडी काढता येत नाही. भाविकांची तक्रार असते, उन्हात उभं राहावं लागतं, चप्पल कुठं ठेवायची, लेकराला प्यायला पाणी कुठं. वरवर बघता या दोन परस्परविरुद्ध तक्रारी आहेत. खोलात गेलं तर एकच आहे : गाडी देवळाच्या फार जवळ येते आणि माणसाला शेवटचा रस्ता चालायला नीट वाट नाही. वाहनं लांब थांबली, तिथून सावलीची, बसायला ठिकठिकाणी कट्टे असलेली, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली पायवाट झाली, तर भाविक महाद्वार रोडवरून, चप्पल लाईनवरून चालत जाईल. चालणारा माणूस थांबतो, विकत घेतो, बोलतो. गाडीतला माणूस हॉर्न वाजवतो.

पण देवळाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते किरणोत्सवाबद्दल. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा नोव्हेंबरात, ९, १०, ११ तारखेला, मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात. एका दिवशी चरणांवर, एका दिवशी मध्यावर, एका दिवशी मुखावर. शेकडो वर्षांपूर्वी कुणा स्थपतीनं सूर्य, दरवाजा आणि मूर्ती यांचं गणित बसवलं, ते आजही चुकत नाही. चुकतो तो मधला भाग. कधी ढग आडवे येतात, त्याला इलाज नाही. पण कधी आपली इमारत आडवी येते, कधी गच्चीवरची पाण्याची टाकी, कधी फलक. अडथळे मोजले गेले, काही काढलेही गेले. तरीही हा विषय दर वर्षी उत्सवाच्या आठवडाभर आधी निघतो आणि उत्सवानंतर मिटतो.

किरणांना जी वाट लागते ती आकाशातली एक पट्टी आहे. तिची उंची, रुंदी मोजता येते, नकाशावर आखता येते. त्या पट्टीत कुणीही किती उंच बांधू शकतो हे शहराच्या विकास नियमांत कायमचं लिहून ठेवता येतं. ज्यांची बांधकामाची संधी त्यामुळे जाते त्यांना भरपाई मिळावी, त्यांनी एकट्यानं का सोसावं? सुधारणा म्हणजे कधी कधी काहीही न बांधणं, हे या तीन दिवसांइतकं स्पष्ट दुसरं कशानं पटेल?

देवळाच्या आवारातलंच मणिकर्णिका कुंड आठवा. त्याच्यावर बाग आणि स्वच्छतागृह आलं होतं. गेल्या काही वर्षांत ते हटवून कुंड उकरलं गेलं आणि आतल्या पायऱ्या पुन्हा उजेडात आल्या. वस्तादांचा शब्द इथं अक्षरशः खरा झाला.

सांगणारं माणूस

काही जागा मोडकळीला आलेल्या नाहीत, तरी मुक्या आहेत. टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय घ्या. १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली ती टोकदार कमानींची इमारत, भोवतीची जुनी झाडं. आत ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत. १९४५-४६ साली पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर खोदकाम झालं आणि त्यात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती निघाली. विचार करा, समुद्र इथून सह्याद्री ओलांडून पलीकडे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगातला समुद्रदेव घाट चढून आपल्या नदीकाठी कसा आला? कुणाच्या गोणीतून, कुठल्या मालाच्या बदल्यात? हा प्रश्न विचारला तर आठवीचं पोर तासभर हलणार नाही. पण नुसतं 'कांस्यमूर्ती' एवढं वाचलं तर ते अर्ध्या मिनिटात पुढं सरकेल. पाटीवर काय लिहायचं, हा खर्चाचा प्रश्न फार कमी आणि कष्टाचा जास्त आहे. आणि नोकरदार माणूस, शाळेतलं पोर कधी मोकळं असतं, त्या वेळेला संग्रहालय उघडं असावं, ही मागणी मला तीन वेगवेगळ्या घरांतून ऐकू आली.

बिंदू चौकातून आपण रोज जातो. तिथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ते ९ डिसेंबर १९५० रोजी, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानं बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. पाहुण्याला हे कोण सांगतं? तिथून चालत दसरा चौकात या. १९०१ पासून शाहू महाराजांच्या प्रेरणेनं एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम बोर्डिंग. त्याच काळात, २६ जुलै १९०२ ला, संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. हा सगळा इतिहास तासा-दीड तासाच्या पायी फेरीत बसतो. त्या बोर्डिंगांतून शिकून गेलेले आजोबा आजही गावात आहेत. शनिवारी संध्याकाळी त्यांच्यातल्या एकानं पुढं चालावं आणि आपण मागं, एवढीच सोय हवी.

सिनेमाचंही तसंच. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२० ची 'सैरंध्री' इथली, १९२९ साली 'प्रभात' इथंच जन्मली आणि १९३३ ला पुण्याला गेली. जयप्रभा स्टुडिओ वाचवण्यासाठी आपण आंदोलनं केली, घोषणा दिल्या. पण शहरात आलेल्या एखाद्या पोरीनं विचारलं, "बाबूराव पेंटरांचा कॅमेरा कसा चालायचा?" तर तो हातात घेऊन, दांडा फिरवून बघता येईल अशी एक खोली आपल्याकडे हवी.

आणि चप्पल. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच घाटाची पादत्राणं दाखवली, मूळ गावाचं नाव न घेता, आणि आपण खवळलो. खवळणं बरोबरच होतं. पण सुभाषनगरात वेणी विणणारे, तळ शिवणारे हात किती कोल्हापूरकरांनी स्वतः बघितलेत? पाहुण्याला आपण दुकानात नेतो, कारागिराकडे नेत नाही. कारागिरांची तयारी असेल तर त्यांच्या कामाच्या जागा उजेडाच्या, हवेशीर करून तिथं माणसं नेली पाहिजेत. जोडीवर करणाऱ्याचं नाव असेल तर दुसऱ्यानं नाव गाळल्यावर रागावण्याचा आपला हक्क जरा बळकट होईल.

गडावरची माणसं

थोडं पन्हाळ्याबद्दल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात आपला पन्हाळा आहे. आनंद झाला, पेढे वाटले. पण पन्हाळा हा राहता गड आहे. तिथं नगरपरिषद आहे, शाळा आहे, बाजार आहे, लेकीबाळी नांदतात. वारशाच्या नावाखाली आपल्या घराचं कौल बदलायलाही परवानगीसाठी खेटे घालावे लागतील का, ही त्यांची धास्ती खोटी नाही. त्यांच्याशी बोलून, नियम मराठीत, सोप्या भाषेत छापून, परवानगीची मुदत ठरवून दिली तर तीच माणसं गडाची राखणदार होतील. नाहीतर त्यांना गड म्हणजे अडचण वाटायला लागेल. २०२१ च्या पावसात गडाची मुख्य वाट खचली, तेव्हा पर्यटक दुसरीकडे फिरायला गेले. दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला कसं उतरायचं हा प्रश्न राहणाऱ्यांना पडला. म्हणून गडाच्या सुधारणांची यादी करताना पहिला कागद तिथल्या रहिवाशाच्या हातात द्यावा.

आता एक आक्षेप मला आत्ताच पुढच्या रांगेतल्या एका मित्राच्या चेहऱ्यावर दिसतोय. तो म्हणेल, सर, तुमचं सगळं जुन्याबद्दल. पर्यटक आले तर रिक्षावाला, फुलवाली, लॉजवाला, मिसळवाला जगतो. त्यांना आकर्षून घ्यायला नवं काही नको का? हवं. माझा विरोध नव्याला नाही, फक्त त्याच्या क्रमाला आहे. आणि आकर्षण कसं तयार होतं याचं उदाहरण गंगावेशीत आहे. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढून पेला हातात देतात. कुठल्याही आराखड्यात त्या कट्ट्याची कल्पना निघालेली नाही, तो गवळ्यांच्या आणि पैलवानांच्या गरजेतून झाला. आज परगावची माणसं मुद्दाम बघायला येतात, कारण तो रोज चालू आहे. तिथं सुधारायचं तर म्हशींना उभं राहायला स्वच्छ जागा, पेले धुवायला नळ आणि शेण उचलायची व्यवस्था, एवढंच. त्याला काचेची भिंत आणि तिकीट खिडकी केली की तो संपला.

एक बाटली

शेवटी मागण्यांची यादी द्यायचा मोह होतो. मी एकच मागणी ठेवतो. या शहरातल्या प्रत्येक मोठ्या जागेसाठी वर्षभराचं देखभालीचं पंचांग असावं आणि ते त्या जागेवर सगळ्यांना वाचता येईल असं लावलेलं असावं. चैत्रात काय, आषाढात काय. नाले कधी तपासायचे, कठड्याचे दगड कधी बघायचे, स्वच्छतागृह रोज किती वेळा धुवायचं, गच्चीवरचे अडथळे किरणोत्सवाआधी किती दिवस मोजायचे. काम झालं की तारीख आणि सही. पेठेतल्या तालमींनी, मंडळांनी एकेक जागा दत्तक घ्यावी, असं मी म्हणत नाही, दत्तक शब्दात मालकी येते. त्यांनी फक्त ते पंचांग वाचावं आणि सही नसेल तर विचारावं. तालमीच्या पोरांनी विचारलं की उत्तर द्यावं लागतं, हे तुम्हाला माहीत आहे.

आज येताना मी वाट वाकडी करून रंकाळ्यावर गेलो होतो. ही बघा, ही बाटली. तिच्यावर आजची तारीख डकवलीय. पाण्याचा रंग मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही, म्हणून व्याख्यान झाल्यावर जवळ येऊन बघा. मी त्याच्यावर काही भाष्य करणार नाही, गुरुजींना ते आवडलं नसतं. ही बाटली वाचनालयानं खिडकीत ठेवून घ्यावी, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिच्या शेजारी दुसरी यावी, अशी माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर जे कुणी वक्ते येतील त्यांच्यामागे बारा बाटल्या असतील. तेव्हा नागरिकांच्या अपेक्षा काय आहेत हे त्यांना विचारत हिंडावं लागणार नाही.